लिव्हरपूलचा भाव, खामगावचा काटा

जलंब ते खामगाव हे अंतर उणेपुरे तेरा किलोमीटर. मुंबई–नागपूर लोहमार्गावरच्या जलंब स्थानकातून एक फाटा निघतो आणि खामगावला जाऊन थांबतो. पुढे कुठेच जात नाही. मार्च १८७० मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः या फाट्याचे आणि खामगावच्या कापूस बाजाराचे उद्घाटन करायला वऱ्हाडात आला होता. सगळ्या देशाचा कारभार पाहणारा माणूस एवढ्याशा रुळांसाठी इतक्या लांब का आला, हे खामगावात बसून कळत नाही. त्यासाठी मँचेस्टरला, लिव्हरपूलला आणि अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी जावे लागते.

माझे आयुष्य कापसात गेले. एकाधिकार खरेदी योजनेत मी ग्रेडर होतो. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, खामगाव या भागातल्या संकलन केंद्रांवर हंगामामागून हंगाम बंड्यांमधला कापूस हातात घेऊन पाहिला. घरी वडिलोपार्जित कोरडवाहू शेत आहे, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, असतेच. त्यामुळे ‘१९९१ नंतर जागतिकीकरण आले’ हे वाक्य सभांमधून ऐकले की माझ्यातला वऱ्हाडी माणूस अस्वस्थ होतो. आमच्याकडे ते १९९१ ला आले नाही. ते बैलांच्या पाठीवरून आले, मग रुळांवरून आले, तारेच्या यंत्रातून आले. दीडशे वर्षांहून अधिक काळ आम्ही जगाच्या बाजारात उभे आहोत. या सगळ्या काळात आमच्या हातातून एकेक गोष्ट कशी निघून गेली, हे मला सांगायचे आहे. पहिल्यांदा भाव गेला. मग सूतकताई गेली, मग घरची ज्वारी गेली. शेवटी बियाणे गेले, आणि माझ्या मते ते जाणे सर्वांत वाईट.

रेल्वेच्या आधीही वऱ्हाडचा कापूस बाहेर जात होताच. पण त्याची दिशा वेगळी होती. लमाणांचे तांडे बैलांवर कापूस लादून उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. शेकडो मैलांचा तो प्रवास. पावसाळ्याआधी पोचायचे, नाहीतर माल भिजायचा. उलट पश्चिमेला, मुंबईकडे, कापूस नेण्याचे धाडस पहिल्यांदा पेस्तनजी या पारशी पेढीने केले. १८२५-२६ साली त्यांनी पाचशे बैलांवर कापूस लादून मुंबईला पाठवला. वऱ्हाडच्या कापसाने समुद्राकडे तोंड वळवले ते तेव्हापासून. तरीही पिकलेल्या कापसाचा मोठा भाग इथेच राहत होता. घरोघरी रेचा असे. दोन लाटांच्या फटीत कापूस धरून बायका सरकी वेगळी करत, रुई पिंजून सूत काढत, आणि ते सूत गावच्या कोष्ट्याकडे किंवा महाराकडे जाई. जाडेभरडे लुगडे, धोतर, घोंगते गावातच तयार होई. सरकी म्हशीपुढे जाई, आणि त्यातली चांगली, भरदार सरकी निवडून पुढच्या मृगासाठी ठेवली जाई. माझ्या आजीने शेवटचा रेचा माळ्यावर ठेवला होता. तो चालवलेला मी पाहिला नाही, पण त्याच्या लाकडाला तुकतुकी आली होती ती हाताने फिरवून फिरवूनच.

१८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चाच्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. हा करार नुसता पैशांचा नव्हता, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्या वेळी मँचेस्टरच्या गिरणीमालकांना अमेरिकेवरच्या अवलंबनाची धास्ती वाटू लागली होती. १८५७ मध्ये त्यांनी जगभरातून कापूस मिळवण्यासाठी एक संघच काढला. काळ्या कसदार जमिनीचा हा पट्टा त्यांच्या नकाशावर होताच.

मग १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक तोवर याच दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टातून येत होता. तो एकाएकी थांबला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगारांच्या चुली विझल्या, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याची किंमत आली. गाद्या उसवून त्यांतला कापूस विकल्याच्या कथा मुंबईत त्या काळापासून सांगितल्या जातात. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांनी या चार वर्षांत अफाट संपत्ती मिळवली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांनी १८६४ साली दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. मी पहिल्यांदा तो मनोरा पाहिला तेव्हा मनात आले, यातल्या कितीतरी दगडांची किंमत वऱ्हाड-खानदेशच्या शेतांतून निघाली असेल. त्यावर ते लिहिलेले नाही.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती शरण आला, ती बातमी मुंबईत पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईतल्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. समुद्रात भर घालून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता, त्याला कोणी हात लावेना. मुंबईच्या या पडझडीवर पुस्तके आहेत. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे काय झाले, यावर फारसे नाही. त्याने ज्वारीच्या जागी पऱ्हाटी लावली होती, चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेतली होती. भाव त्याच्या हातून वाढला नव्हता, पडलाही नव्हता. एका दूरच्या देशातली लढाई सुरू झाली आणि संपली, एवढेच घडले होते. पुढच्या सगळ्या इतिहासाचा साचा या चार वर्षांत तयार झाला.

युद्ध संपले तरी मँचेस्टरला लागलेली चटक सुटली नाही. सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त नेमला. हॅरी रिव्हेट-कार्नाक त्याचे नाव. हा माणूस उत्साही होता, मेहनती होता, बाजार हिंडला, जिन पाहिल्या, काटे तपासले. त्याच्या अहवालात १८६९ च्या सुमाराचा एक विचार आहे. रेल्वेचे फाटे काढले तर विलायती कापड स्वस्तात आत येईल, गावचे कापड मागे पडेल. म्हणजे आज गावात सुतासाठी खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कताई-विणाईत गुंतलेली माणसे शेतमजुरीला मिळतील. हे त्याने लपवून ठेवले नाही, सरकारी कागदावर आशेने मांडले. गावच्या कोष्ट्याला मजूर करणे हा धोरणाचा अपघाती परिणाम होता असे जे म्हणतात, त्यांनी हा अहवाल पाहावा. आता जलंब–खामगाव फाट्याचा अर्थ लागतो. त्याच फाट्याने कापसाची गाठ बाहेर गेली आणि मँचेस्टरचा तागा आत आला.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडला. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला जोडली गेली. तीन वर्षांत सगळे जमून आले. लिव्हरपूलला सकाळी काय भाव फुटला, हे खामगावच्या बाजारात तारेने कळू लागले. विंटरथूर या स्वित्झर्लंडमधल्या गावची फोलकार्ट ही पेढी खामगावात गाठी बांधू लागली. ग्रीकांची राली ब्रदर्स आली. लिव्हरपूलच्या फळ्यावर वऱ्हाडच्या कापसाला नाव पडले ‘उमरा’. ते आमचे उमरावती, म्हणजे अमरावती. इथला अडत्या मारवाडी, दलाल कच्छी, पेढीचा साहेब स्विस, काटा धरणारा मापारी गावचा, आणि बंडी हाकणारा कुणबी, माळी, बारी. शहरे या बाजाराभोवती वाढली. खामगाव, अकोला, अमरावती, यवतमाळ, हिंगणघाट या गावांत जिन-प्रेसच्या उंच धुरांड्यांनी आकाश भरले. मारवाडी कुटुंबे इथे रुजली, त्यांची मंदिरे, धर्मशाळा, शाळा उभ्या राहिल्या. त्यांची मुले घरी मारवाडी आणि बाजारात अस्सल वऱ्हाडी बोलू लागली. मी ज्या वाचनालयात या भागाची जुनी गॅझेटियरे वाचली, तेसुद्धा कापसाच्या पैशातून झालेले. या बाजाराने दिलेले मी नाकारत नाही.

पण घेतलेलेही मोजले पाहिजे. रोख सारा भरायचा तर रोख पीक हवे, म्हणून कापूस वाढला आणि ज्वारी मागे हटली. वऱ्हाडात पूर्वी ज्वारीची पेवे असत. जमिनीत खणलेल्या त्या पेवांत दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे धान्य राही. पेव हा गावाचा विमा होता. कापसाचे पैसे हाती येतात, मग धान्य विकत घेता येईल, असे म्हणता म्हणता पेवे रिकामी झाली. १८९६-९७ ला पहिला तडाखा बसला. १८९९-१९०० ला दुसरा, आणि तो भयंकर होता. पाऊस नाही, कापूस नाही, म्हणून पैसा नाही, आणि पेवात दाणा नाही. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ ला ती साडेसत्तावीस लाखांवर आली. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आम्ही अभिमानाने सांगतो. ज्या दहा वर्षांत या भागातून गाठींचे डबे भरभरून मुंबईला जात होते, त्याच दहा वर्षांत इथली माणसे कमी झाली. हे त्या म्हणीशेजारी लिहून ठेवायला हवे.

आता बनीविषयी. हा विषय माझ्या धंद्याचा, म्हणून थोडा रेंगाळतो.

हिंगणघाटच्या भागात देशी कपाशीचा बनी नावाचा वाण होता. हिंदुस्थानातल्या देशी कापसांत त्याचा धागा सर्वांत लांब आणि मऊ मानला जाई. लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे नाव वेगळे लिहिले जात असे, त्याला भावही वेगळा. पण बनीच्या कापसातून रुईचा उतारा कमी. शंभर किलो कापसातून पंचवीस-सव्वीस किलो रुई निघायची, बाकी सरकी. शिवाय पीक उशिरा हाती येई. त्याच्या शेजारी जरी हा आखूड, खरखरीत धाग्याचा कापूस होता. तो लवकर फुटे, जास्त येई, उतारा जास्त देई. खेडा खरेदीला येणारा व्यापारी बंडीतला कापूस पाहून एकच भाव करायचा. बनी असो की जरी, जिनमध्ये जाऊन दोन्ही एका ढिगात पडायचे. मग शेतकऱ्याने बनी का लावावी? लांब धाग्याचे जास्तीचे पैसे मुंबईत किंवा लिव्हरपूलला कोणाच्या तरी खिशात पडत होते. त्याच्या पदरात काही येत नव्हते. त्याने जरी लावली. सरकारने भेसळीविरुद्ध कायदे केले, १८२९ पासूनच केले होते, १८६३ ला आणखी कडक केले. पण कायदा गाठीतली भेसळ पकडतो. भाव फोडण्याच्या पद्धतीतला अन्याय त्याच्या हाती लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अकोल्याच्या सरकारी शेतीक्षेत्राने पांढऱ्या फुलाची रोझियम निवडून काढली, तिचा उतारा जवळजवळ चाळीस टक्के. शेतकऱ्याच्या दृष्टीने अशा वाणांकडे वळणे बरोबरच होते. त्याला दोष देणारे शेरे इंग्रज अधिकाऱ्यांनी भरपूर लिहिलेत. ते मला मान्य नाहीत. बनी बाजाराने मारली, शेतकऱ्याने नव्हे.

आणि त्या आखूड धाग्याला गिऱ्हाईक मिळाले ते थेट जपानचे. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची आगबोट मुंबईला येऊ लागली. इंग्रजी बोटीवाल्यांची मक्तेदारी मोडायला जमशेटजी टाटांनी तिला साथ दिली. जमशेटजींनी त्याआधी, १ जानेवारी १८७७ रोजी, कापसाच्या मुलखातच नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली होती. ओसाकाच्या गिरण्यांनी आखूड, स्वस्त कापूस बेताने मिसळून जाड सूत काढण्याची कला साधली होती. तोयो मेनका, गोशो या जपानी कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या आतल्या बाजारांपर्यंत आले. विचार करा, १९२० च्या दशकात खामगाव-अकोल्याच्या बाजारात जपानी पेढ्या खरेदी करत होत्या आणि त्याच कापसाचे जपानी कापड पुन्हा आमच्या आठवडी बाजारात विकायला येत होते. लँकेशायरने आमच्या कोष्ट्याला जे केले होते, तेच आता ओसाका लँकेशायरला करू लागले. १९३३ साली सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला. आधीच मंदीने भाव तळाला गेलेले, त्यात मोठे गिऱ्हाईक उठून गेले. शेवटी १९३४ मध्ये तह झाला. जपानने १५ लाख गाठी कापूस घ्यायचा, त्याबदल्यात ४० कोटी वार कापड इथे विकायचे. त्या वाटाघाटीत हिंदुस्थान सरकार होते, जपान सरकार होते, लँकेशायरच्या गिरणीमालकांची माणसे होती, मुंबईचे मालक होते. पऱ्हाटी लावणारा माणूस त्यात कुठे होता, हे मी शोधले. तो नव्हता.

याच काळात, याच कापसाच्या मुलखात, वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी येऊन राहिले. जमनालाल बजाज हे वर्ध्याचे कापूस व्यापारी, त्यांच्या आग्रहाने. चरख्याला आज लोक प्रतीक म्हणतात. मला तो हिशेब वाटतो. पिकलेल्या कापसाचे सूत पिकवणाऱ्याच्या घरात निघाले तर भाव ठरवण्याची थोडी तरी ताकद घरात राहते. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ साली उघडले, त्यात हा हिशेब अजून पाहता येतो.

स्वातंत्र्य आले तेव्हा लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध-पंजाबचा मोठा भाग पाकिस्तानात गेला आणि गिरण्या बहुतेक सगळ्या इकडे राहिल्या. देशाला लांब धागा हवा झाला, म्हणून अमेरिकन जातीची कपाशी वाढवण्याचा जोर झाला. मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कचे भाव तारेने येत आणि त्या उघडत्या-बंद भावांवर लोक सट्टा लावत. १९६० नंतर ते भाव येणे थांबले तेव्हा सट्टेवाल्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. गावोगाव घरे बुडवणारा मटका असा कापसातून निघाला. ओपन आणि क्लोज हे शब्द आमच्या पानठेल्यांवर अजून आहेत.

१९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कपाशीचा संकरित वाण दिला, व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला. धागा लांब, उत्पन्न भरपूर. पण संकरित वाणाची सरकी पुन्हा पेरून चालत नाही, दरसाल नवे बी आणावे लागते. माझ्या वडिलांना एच-४ आवडली होती. बोंड मोठे, फूट पांढरीशुभ्र. सरकी निवडून ठेवायचे काम आईकडे असे, ते एच-४ लावली त्या वर्षीपासून बंद झाले. त्या वेळी घरात कोणालाच त्याचे काही वाटले नाही.

१९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. महाराष्ट्रातला सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, हंगामाआधी हमीभाव जाहीर करायचा, पुढे नफा झाला तर बोनस द्यायचा. शंभर वर्षांत पहिल्यांदाच लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या लाटा आणि शेतकरी यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली. मी या भिंतीचा एक छोटा दगड होतो. बंडी केंद्रावर आली की खालून, मधून, वरून मूठ काढायची. कवडी किती, कचरा किती, ओल किती हे पाहायचे. चिमटीत रुई धरून ओढत ओढत तंतू सरळ करायचे आणि काळ्या कापडावर ठेवून धाग्याची लांबी जोखायची. शेतकरी समोर उभा असे, माझ्या चेहऱ्याकडे पाहत. “साहेब, दूध हाये दूध, नीट पाहा ना जरा,” असे म्हणे. मी जी प्रत लिहीन तिच्यावर त्याच्या मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, किराण्याची उधारी अवलंबून असे. लग्ने या भागात कापूस विकल्यावर ठरत. काट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, “काऊन हो साहेब, तुमी त पत ठरोता, पन भाव कोन ठरोते?” मी त्याला मुंबईचे नाव सांगितले. तो म्हणाला, “मंग मुंबईले कोन सांगते?”

योजनेत दोष होते. बाहेर भाव चढला की कापूस रात्रीतून मध्य प्रदेशात, आंध्रात जाई. पडला की सगळा केंद्रावर येई. त्यामुळे योजना तोट्यात जाणारच होती. चुकारे रखडले, कर्ज साचले, राजकारण शिरले. हे सगळे खरे आहे. पण योजना संपवण्याची वेळ जी निवडली गेली ती सर्वांत वाईट होती. १९९५ साली जागतिक बाजारात पौंडाला शंभर सेंटच्या वर गेलेला कापूस २००१-०२ ला सरासरी ४२ सेंटच्या आसपास आला, तीस वर्षांतला नीचांक. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचे अनुदान देऊन कापूस पिकवत होती आणि जगात ओतत होती. ब्राझीलने यावर जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि तो जिंकला. त्याच संघटनेच्या २००३ च्या कॅनकून परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी कापसाचा प्रश्न टेबलावर ठेवला. वऱ्हाडातून तेव्हा रोज आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. आपल्या देशाने कापसासाठी त्या चार देशांइतका आवाज उठवायला हवा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. नेमक्या याच वर्षांत आमची भिंत पाडली गेली आणि खासगी खरेदी खुली झाली. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. पॅकेजात विहिरी होत्या, व्याजमाफी होती, दुभती जनावरे होती. कापसाच्या भावाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

आणि २६ मार्च २००२ ला बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली होती. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांपर्यंत पडत, त्यात मोठा वाटा परदेशी कंपनीच्या जनुकाच्या रॉयल्टीचा. २००६ मध्ये आंध्र सरकार त्या कंपनीशी भांडले तेव्हा किंमत निम्म्याहून खाली आली. बीटीने काही दिले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या काही वर्षे कमी झाल्या. देशाचे उत्पादन २००२-०३ च्या १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ ला ३९८ लाख गाठींवर गेले. दोन-चार चांगल्या वर्षांत आमच्या गावातही पक्की घरे झाली. पण भारतात बीटी जवळजवळ सगळी संकरित वाणांतूनच विकली गेली, म्हणजे दर मृगाला दुकानाची पायरी चढणे आले. वऱ्हाडची जमीन बहुतेक कोरडवाहू. लांबणारे संकरित पीक डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेतात उभे राहते, त्यात फरदड घेण्याची, म्हणजे वेचणीनंतरही पीक राखून पुन्हा बोंडे घेण्याची सवय, त्यामुळे गुलाबी बोंडअळीला घर मिळाले. २०१७ ला ती आली आणि तिने बीटीला जुमानले नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली. पंधरा वर्षांत देशी सरळ वाण दुकानातून नाहीसे झाले होते, परतायला वाट उरली नव्हती.

गेल्या हंगामाची गोष्ट ताजीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावले. कापड निर्यातदारांना दिलासा म्हणून सरकारने परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकले. वॉशिंग्टनला भांडण झाले आणि दर्यापूरच्या बाजारात हर्रासाचा भाव पडला. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर होता, पण त्यासाठी मोबाइलवर नोंदणी करायची, केंद्र उघडायची वाट पाहायची आणि ओलावा बसेल का याची धाकधूक. दिवाळीला पैसा लागणारा माणूस खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात देऊन मोकळा झाला. १८६५ आणि २०२५ मध्ये एवढाच फरक की आता तारेऐवजी मोबाइल आहे.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची शकुंतला रेल्वे एका ब्रिटिश कंपनीने कापूस वाहण्यासाठीच बांधली होती. तिला ओढणारे मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. आता ती गाडीही बंद आहे. एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल आहे, त्यात जगभरच्या कंपन्यांचे कपडे मिळतात. आमच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगावर सुरतेची सिंथेटिक साडी असते, कारण सुती परवडत नाही. वेचणीच्या पहिल्या दिवशी त्या अजून पऱ्हाटीखाली दहीभात ठेवून सीतादही करतात, आणि मगच ओटी बांधून ओळीत उतरतात.

जगाचा भाव कोणा एका गावाच्या हाती येणार नाही, हे मला कळते. व्यापार बंद करा असेही मी म्हणत नाही, वऱ्हाड त्यावरच वाढले आहे. सरकारकडे माझे मागणे एवढेच: हंगामाच्या तोंडावर आयात शुल्क काढायचे असेल तर खरेदी केंद्रे त्याआधी उघडी असली पाहिजेत. पण बियाण्याची गोष्ट आपल्या हातातली आहे आणि ती मी शेतकरी बांधवांना सांगतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए-७, एकेए-८ असे देशी कपाशीचे सरळ वाण काढलेले आहेत. त्यांना पाणी कमी लागते, रसशोषक किडी कमी लागतात, आणि औषधी कापसासाठी आखूड देशी धागाच चांगला. विद्यापीठाकडे बी मागा. सगळे शेत नको, बांधालगतचे चार तास लावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात चांगली फुटलेली बोंडे वेगळी वेचा, सरकी वेगळी काढून डब्यात ठेवा आणि पुढच्या मृगाला तीच टोबा.